सव्वा क्विंटल कापसाचा पास्ता

अकोल्याच्या जठारपेठेतल्या माणसाचं पोरगं पुण्यात नोकरीला लागलं की पुढच्या गोष्टी ठरल्यासारख्या घडत जातात. पहिल्या पगारात माय-बापाला मोठ्या पडद्याचा मोबाइल येतो. मग वाकडला नाहीतर खराडीला फ्लॅट बुक होतो. (त्यापायी इकडचं अर्धं वावर जातं, पण तो दुःखाचा विषय आहे, इथे नको.) आणि गृहप्रवेश आटोपून पाहुणे पांगले की एका संध्याकाळी पोरगा म्हणतो, "बाबा, आज तुम्हाले खरं इटालियन खिलवतो."

'खरं' म्हणताना तो जरा जोर देतो. त्याचंही बरोबर आहे, कारण खोट्या इटालियनमध्ये आमचा हात कोणी धरू शकत नाही.

वऱ्हाडातल्या कोणत्याही बऱ्यापैकी लग्नात जाऊन पाहा. चाट आणि डोसा यांच्या मधोमध 'लाइव्ह पास्ता' नावाचा टेबल असतो. त्यामागे पांढरी उंच टोपी घातलेला एक पोरगा उभा असतो. सकाळी हाच पोरगा मांडवात खुर्च्या मोजत होता, हे सगळ्या वऱ्हाडाला माहीत असतं. तो कढईतून डोकं वर न काढता विचारतो, "रेड, व्हाइट, का मिक्स?" आजवर मी कोणालाही मिक्सशिवाय दुसरं काही मागताना पाहिलेलं नाही. दोन्ही फुकट असताना एकच कोण घेणार? मग तो एक पळी लाल, एक पळी पांढरं घालतो, मूठभर मका, ढोबळी मिरची, वरून चीजची वडी किसतो आणि शेवटी पुडीतला कसलासा वाळलेला पाला भुरभुरतो. आमचे काका तेवढ्यावर थांबत नाहीत. ते पलीकडच्या चाटवाल्याकडून त्यावर बारीक शेव टाकून आणतात. ताटात शेजारीच वांग्याची भाजी असते. तिची तर्री हळूहळू सरकत पास्त्यात शिरते आणि माझं प्रामाणिक मत असं आहे की त्या पास्त्याला चव येते ती तिथून पुढे.

आता हे इटालियन आपल्याकडे शिरलं कधी? मोठ्या पिझ्झा कंपन्या भारतात आल्या 1996 साली. पण पुणेकरांनी त्याच्याही आधी, 1989 च्या सुमारास, 'लिटल इटली' नावाचं शुद्ध शाकाहारी इटालियन हॉटेल काढून दाखवलं होतं. शुद्ध शाकाहारी इटालियन ही कल्पना इटलीतल्या माणसाला सांगितली तर तो कसा पाहील याचा मी बऱ्याचदा विचार करतो. आपल्याकडे उद्या कोणी बिनतेलाची तर्री करतो म्हणाला तर आपण जसे पाहू, बहुतेक तसाच. तरी ते हॉटेल चाललं, त्याच्या शाखा निघाल्या. आपला माणूस जगातलं काहीही खायला तयार असतो, त्यातलं नको ते काढून टाकलं की झालं.

आता खऱ्या इटालियनकडे येतो. पुण्यातल्या एका पंचतारांकित हॉटेलातलं हे ठिकाण. हॉटेलचं नाव सांगत नाही. त्यांनी आमची नावं कोणाला सांगितली नाहीत, एवढी परतफेड आपल्याकडून व्हायला पाहिजे. मंडळी अशी: मी, आमच्या घरच्या, माय, काका आणि यजमान चिरंजीव. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले, त्यामुळे दिव्यांवर त्यांचं लक्ष आधी जातं. आत शिरताच म्हणाले, "लोडशेडिंग आहे काय बे इथं?" पोरगा म्हणाला, "काका, ते अॅम्बियन्स आहे." काका म्हणाले, "मंग मेनूकार्ड कायनं वाचाव?" शेवटी सगळ्यांनी मोबाइलच्या बॅटऱ्या लावून ते वाचलं. आजूबाजूच्या टेबलांवरही तसेच उजेडाचे ठिपके हलत होते. म्हणजे अंधारासाठी त्यांनी पैसे लावले आणि उजेड गिऱ्हाइकाने घरून आणला.

मेनूकार्डात चित्र नाही. आमच्याकडे हॉटेलात भिंतीवर पाटोडीचा फोटो असतो, खाली भाव असतो, माणूस बोट दाखवतो आणि विषय मिटतो. इथे प्रत्येक पदार्थाखाली चार ओळींचा मजकूर. टोमॅटो कोणत्या डोंगराखालचा, चीज किती महिने मुरलेलं, मशरूम कुठल्या जंगलातलं. सातबाऱ्यावरही इतका तपशील नसतो. भावापुढे रुपयाचं चिन्ह नव्हतं, नुसता आकडा. हिने तो आधी कॅलरी म्हणून वाचला आणि म्हणाली, "एवढ्या कॅलरी? मले नको."

तेवढ्यात काळ्या कपड्यांतला एक देखणा पोरगा वाकून उभा राहिला आणि त्याने पहिला प्रश्न टाकला, "सर, स्टिल वॉटर की स्पार्कलिंग?"

हा प्रश्न त्याने अकोल्याच्या माणसाला विचारायला नको होता. पाणी हा आमच्याकडे थट्टेचा विषय नाही. धरण काटेपूर्णाचं, महानला. तिथून पाणी निघतं आणि आमच्या नळापर्यंत यायला त्याला किती दिवस लागतील यावर जठारपेठ चौकात पैजा लागू शकतात. नळ आला की लग्न सोडून माणसं घरी पळतात. त्यात पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा मिळून खारपाणपट्टा पसरलेला, विहीर खणली तरी खारं लागतं. त्यामुळे पाण्याचे प्रकार आम्हाला पक्के ठाऊक. काकांनी त्या पोराकडे आदराने पाहिलं. हॉटेलात आल्या आल्या पाण्याची चौकशी करणारा पहिलाच माणूस त्यांना भेटला होता. "गोडं आन बापू," ते म्हणाले. "खारं नको." पोरगा गोंधळून म्हणाला, "सर, दोन्ही खारं नाही." "मंग बरं आहे," काका म्हणाले, "तुमच्याकडे बोअर चांगली लागली." बाटली काचेची आली. बिलात तिचा भाव पाहिल्यावर ती रिकामी बाटली मायने पिशवीत टाकली, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

मग पाव आला. उबदार टोपलीत, रुमालाखाली झाकून, सोबत बशीत ऑलिव्ह तेल आणि त्यात काळ्या व्हिनेगरचा एक थेंब. काकांनी तेलात पाव बुडवून खाल्ला आणि म्हणाले, "जवसाच्या तेलाची सर नाही, पण चालते." पाव फुकट आहे असं पोराने सांगितल्यावर टोपली दोनदा भरून आली. इटलीत ही सोय नाही बरं का. तिथे बऱ्याच हॉटेलांत नुसतं टेबलावर बसल्याचे, म्हणजे पाव-चादर-काट्याचमच्याचे पैसे माणशी वेगळे लावतात, त्याला ते कोपेर्तो म्हणतात. हे मी काकांना सांगितल्यावर ते इटलीबद्दल जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

आता ठेच्याचं. विनोदी लेखांत अशा वेळी आजीच्या पिशवीतून हमखास ठेच्याची डबी निघते. आमच्या मायची डबी गाडीत राहिली होती आणि गाडी दारातल्या गणवेशवाल्याने चावी घेऊन कुठे नेऊन लावली हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. तेव्हा आम्ही जे खाल्लं ते बिनठेच्याचं खाल्लं, याची नोंद असावी. एकदा वाटलं, टोमॅटो आणि मिरची दोन्ही मूळच्या अमेरिकेतल्या, दोन्ही जहाजात बसून युरोपात उतरल्या. इटलीने टोमॅटोला घरजावई करून घेतलं आणि मिरचीला दक्षिणेकडच्या एक-दोन जिल्ह्यांत वतन देऊन गप्प बसवलं. मिरचीचं खरं चीज झालं ते इकडे आल्यावर.

पिझ्झा आला. पातळ, कडेला करपल्याचे डाग, मधे टोमॅटो, पांढऱ्या चीजचे गोळे आणि बरोबर मध्यावर हिरवी पानं. 1889 साली नेपल्समध्ये राणी मार्गेरीतासाठी हा केला, म्हणून त्याला तिचं नाव, असं म्हणतात. हे मी सांगणार तेवढ्यात मायने त्यातलं एक पान उचलून हुंगलं. "हे तं तुळस होय," ती म्हणाली. बेझिल आणि तुळस नात्यातल्याच, त्यामुळे मी मान हलवली, आणि तिथेच पंचाईत झाली. मायने हात जोडले. "नैवेद्य दाखोलेला दिसते. आता कोणी ताटात टाकाचं नाही." एवढा वेळ कडा बाजूला काढत बसलेल्या हिने निमूटपणे कडा परत तोंडात घातल्या. पंचतारांकित हॉटेलात ताट इतकं स्वच्छ करून उठलेलं गिऱ्हाईक त्यांनी त्या दिवशी दुसरं पाहिलं नसेल.

चीजवरून थोडी वादावादी झाली. काका माळकरी. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खरं आहे, की अस्सल पार्मेजानसाठी दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. तो त्या चीजवाल्यांचा नियमच आहे. काकांनी वेटरला सरळ विचारलं. पोरगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "सर, ओरिजिनल हवं असेल तर ते व्हेज नाही. आमच्याकडे व्हेजवालं पण आहे, पण ते ओरिजिनल नाही." अडत्याच्या काट्यापासून सराफाच्या तराजूपर्यंत जन्मभर अस्सल मालासाठी भांडलेले आमचे काका त्या रात्री नकली माल पाहिजे म्हणून अडून बसले आणि तो मिळाल्यावर त्यांनी वेटरचे आभार मानले.

पण रात्रीचा खरा प्रसंग पुढे होता. मेनूत 'हॅण्डरोल्ड' म्हणून एक पास्ता होता, भाव साडेनऊशे. पोराने तो मुद्दाम मागवला. मोठ्या थोरल्या पांढऱ्या ताटलीच्या मधोमध, लाल रश्शात, बोटभर लांबीची पिळाची पोकळ वेटोळी. मायने चष्मा नीट केला, एक वेटोळं चमच्यावर उचललं, मोबाइलच्या उजेडात आरपार पाहिलं आणि म्हणाली, "अरे बापा, हे तं सरगुंडे होत!"

ज्यांना सरगुंडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. वऱ्हाडाबाहेरच्यांची त्यात चूक नाही. चैत्र-वैशाखात, दुपारी बाहेर पारा 45 च्या पुढे आणि रस्त्यावर कुत्रंही नाही अशा वेळी, गल्लीतल्या बाया एखादीच्या ओसरीत जमतात. घट्ट भिजवलेल्या कणकेची बारीक दोरी वळायची आणि ती एका बारीक काडीवर फिरवत फिरवत गुंडाळत न्यायची. एका हातात काडी फिरते, दुसऱ्या हाताच्या बोटांतून पीठ सुटत जातं, आणि तोंडाने कोणाच्या सुनेचं काय चाललंय हे सुरू असतं. या तिन्हींपैकी एक थांबलं तर बाकीची दोन्ही थांबतात. मग ती वेटोळी अलगद काडीवरून सरकवून घ्यायची आणि बाजेवर धुतलेलं लुगडं अंथरून त्यावर वाळवायची. जावई आला, व्याही आला, की शिजवून आमरसात. शेवया कोणीही करते, सरगुंडे करणारीचा हात वेगळा असतो. लग्नाच्या बैठकीत पूर्वी हे विचारलं जायचं.

आता गंमत अशी की इटलीच्या दक्षिणेत, कालाब्रिया-बाझिलिकाताच्या पट्ट्यात, बाया अगदी हेच करतात. त्यांच्याकडे काडीऐवजी लोखंडी बारीक सळई, बाकी हाताची फिरत तीच. बारी नावाच्या शहरात तर जुन्या वस्तीतल्या बाया अजूनही गल्लीत टेबलं मांडून पास्ता वळत बसतात आणि जगभरचे प्रवासी फोटो काढायला जातात. आमच्या ओसरीवर फोटो काढायला कोणी येत नाही, कारण मे महिन्यात अकोल्याला कोण येणार? गहूही जवळपास एकच. इटलीत 1967 सालच्या कायद्यापासून सुका पास्ता फक्त ड्युरम गव्हाच्या रव्याचाच करावा लागतो. ड्युरम म्हणजे आपला बन्सी. काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर येणारा, पिवळट, दाताला कडक. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने कोरडवाहू पेरणीसाठी ड्युरमचं 'शरद' नावाचं वाण काढलेलं आहे, त्याचा नंबर एकेडीडब्ल्यू 2997-16. म्हणजे पास्त्याचा गहू आमच्या गावच्या विद्यापीठात, वळणारे हात आमच्या ओसरीत, आणि पास्ता खायला आम्ही गाडी करून पुण्याच्या अंधारात.

मायने चव घेतली. "शिजला नाही," ती म्हणाली. वेटर धावत आला आणि त्याने नम्रपणे सांगितलं, की मॅडम, इटलीत असाच खातात, दातांना किंचित लागला पाहिजे. काकांची कवळी नवी होती. त्यांनी घास मोठ्या कष्टाने खाली ढकलला आणि म्हणाले, "त्यायचे दात त्यायचे स्वतःचे असतीन." मग मायने विचारलं, "वळले कोणं?" वेटर म्हणाला, "शेफनी." "बोलाव तिले." शेफ आला. उत्तराखंडचा विशीतला पोरगा. मायची निराशा झाली, पण तिने ती दाखवली नाही. त्याचा हात हातात घेऊन बोटं पाहिली आणि हिंदीत म्हणाली, "बेटा, काडी जाड है तुम्हारी. इसलिये भोक बडा रह गया." पोरगा हसला. त्याने कबूल केलं की सळई खरंच जाड आहे, बारीक सळई मागवली आहे पण अजून आली नाही. त्या ठिकाणी महिनोन्महिने बड्या बड्या लोकांनी जेवून इंग्रजीत अभिप्राय लिहिले असतील. भोकाचा व्यास कोणाच्या लक्षात आला नव्हता. पुढे त्याने स्वतःहून ताटली परत नेली, पास्ता आणखी शिजवून आणला आणि बरोबर वाटीत लाल मिरचीचं तेल. त्याच्या आजीकडेही असंच काही करतात म्हणे. तेवढा वेळ ते हॉटेल जेवायची जागा वाटली.

बाकी वेळी तिथे कमी होती ती आग्रहाची. "एव्हरीथिंग ओके, सर?" एवढं विचारून ते जातात, आणि उत्तराची अपेक्षा नसते. वऱ्हाडी माणसाला कसं आहे असं विचारलं की तो सांगतो. काकांनी दर वेळी सविस्तर सांगितलं, मिठापासून खुर्चीच्या उंचीपर्यंत. चौथ्यांदा त्या पोराने लांबूनच अंगठा दाखवून विचारलं. एकदाही कोणी "घ्या नं अजून" म्हणालं नाही, ताटावर आडवा हात धरायची वेळ आली नाही, कोणी रुसलं नाही. यात इटलीचा दोष नाही. डिसेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोची बैठक भरली आणि त्यात आपल्या दिवाळीबरोबर इटालियन पाककलेलाही जगाच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला ती 2017 सालीच मिळालेली होती. या वेळचा मान एका पदार्थाला नाही. घरच्यांनी मिळून रांधणं, आजीने नातवंडांना शिकवणं, एका टेबलाभोवती तासन्‌तास बसून खाणं, या सगळ्याला आहे. आपल्या महागड्या हॉटेलवाल्यांनी इटलीतून चीज आणलं, तेल आणलं, मशरूम आणले. आजी आणायची राहिली.

बिल आलं. काकांनी ते वीजबिलासारखं वाचलं, म्हणजे वरच्या आकड्याकडे न पाहता खालचे आकार आधी. सर्व्हिस चार्जवर बोट ठेवलं. "हे ऐच्छिक आहे. दिल्ली हायकोर्टाचा मार्च 2025 चा निकाल आहे." चिरंजीव खुर्चीत घसरत घसरत निम्मे दिसेनासे झाले. मॅनेजरने हसून ते काढून टाकलं. मग जीएसटी. चौकातल्या हॉटेलात 5 टक्के, इथे 18 कसा? मॅनेजर म्हणाला, "सर, ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असतं, तिथल्या रेस्टॉरंटला 18 टक्केच लागतो. सरकारी नियम आहे." काकांनी शांतपणे विचारलं, "खोली कोणं घेतली?" याला उत्तर नव्हतं, पण टक्केही कमी झाले नाहीत.

बाहेर गाडीची वाट पाहताना काकांनी हिशेब केला. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. "सव्वा क्विंटल कापूस खाल्ला आपण पाच जणायनं," ते म्हणाले. हमीभाव प्रत्यक्षात कोणाला मिळतो हे धरलं तर दीड.

तेव्हा जठारपेठेत कोणाला इटालियन हॉटेल काढायचं असेल तर जरूर काढा, पोरांना पुण्याहून गाडी करून येऊ द्या. दिवे मात्र लावा. टेबलावर न मागता कांदा-लिंबू आणि ठेचा ठेवा. वेटर कमी ठेवा आणि पदर खोचून "एवढ्यानं काय होते, घ्या" म्हणणारी एखादी काकू पगारावर ठेवा. तिला शेफपेक्षा जास्त पगार द्यावा लागला तरी परवडेल. सरगुंड्यांसाठी काडी बारीक घ्या. आणि उद्घाटनाचा मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा, उन्हाळ्याचा धरू नका. वैशाखात आमच्याकडे घरोघरी सरगुंडे आणि आमरस असतो. तुमच्याकडे कोणी फिरकणार नाही.